खाजणाचे निसर्गचित्र : भरती-ओहोटीची वेळ आणि चित्रातील सत्य

१. विषय आणि प्रतिपाद्य

निसर्गचित्रणाच्या अध्ययनात डोंगर, नदीचा घाट, देवालय, वृक्षराजी आणि सागरकिनारा हे विषय रूढ झालेले आहेत. खाडीकाठच्या खाजणाला मात्र या मालिकेत क्वचितच स्थान मिळते. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खारवट, चिखलाची सपाट भूमी. तिला जमीन म्हणावे, तर काही तासांनी तिच्यावरून होडी जाते. पाणी म्हणावे, तर त्याच ठिकाणी बगळे पायांवर उभे असतात. चित्रकार ज्याला स्थिर आधार समजून रेखनास आरंभ करतो, ती काठाची रेषाच येथे सतत सरकत असते.

यावरून खाजणाच्या चित्रणातील मुख्य प्रश्न रंगाचा किंवा रचनेचा नसून प्रथमतः वेळेचा आहे, असे दिसून येते. डोंगराच्या चित्रात वेळ म्हणजे सूर्याची स्थिती एवढाच अर्थ असतो. खाजणाच्या चित्रात दोन घड्याळे एकाच वेळी चालतात : एक सूर्याचे व दुसरे चंद्राचे. प्रकाश पहिल्यावर अवलंबून, पाण्याची पातळी दुसऱ्यावर. या दोहोंचा मेळ ज्या चित्रात बसत नाही, ते चित्र कितीही मनोहर असले तरी खाजणाचे चित्र होत नाही. हा मेळ कसा असतो आणि तो चित्रात कोणकोणत्या खुणांनी प्रकट होतो, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

२. पठारावरील दृष्टी

महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची दृष्टी पठारावर घडलेली असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात असलेले घोडेगाव हे उदाहरण म्हणून घेता येईल. घोडेश्वरी देवीचे स्थान आणि जनावरांचा बाजार यांमुळे परिचित असलेले हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर आत आहे. येथील निसर्गात वस्तूंच्या कडा स्पष्ट असतात. हवा कोरडी, छाया ठाशीव, बांध-शेत-झाड यांची स्थाने निश्चित. उन्हाळ्यात कागदावर घातलेला वॉश पाहता पाहता वाळतो. त्यामुळे कडक कडांचे, झटपट आटोपलेले जलरंगचित्रण हे येथे स्वाभाविकच ठरते.

परंतु याच तालुक्यात खाजणाचा एक दूरचा नातेवाईक आहे. पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा नेवासे व शेवगाव या तालुक्यांपर्यंत पोचला. हा जलाशय विस्तीर्ण पण उथळ आहे. पावसाळ्यानंतर पाणी जसजसे उतरते, तसतशी काठाची भूमी चिखलाच्या रूपाने उघडी पडते. शेतकरी तिच्यात गाळपेर करतात आणि पाणपक्षी तेथे उतरतात. या जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. ओल्या चिखलाची चमक, उतरलेल्या पाण्याने मागे ठेवलेल्या समांतर रेषा, जमीन आणि पाणी यांमधील अनिश्चित पट्टा ही खाजणाची कित्येक लक्षणे येथे आढळतात.

भेद आहे तो गतीचा. नाथसागराची पातळी वर्षातून एकदा चढते व एकदा उतरते. सकाळी बसलेल्या चित्रकाराला सायंकाळी तोच काठ सापडतो. खाडीत हेच चढणे-उतरणे दिवसातून दोनदा घडते. म्हणून पठारावरील विद्यार्थ्याने चिखल व प्रतिबिंब यांचा अभ्यास जलाशयाच्या काठी करावा आणि तो पक्का झाल्यावर खाडीकडे वळावे, हा क्रम इष्ट होय. खाडीत त्याला एकच नवी गोष्ट शिकावी लागेल, पण ती सर्वांत अवघड आहे : विषय समोरून निघून जात असताना त्याचे चित्र काढणे.

३. पाण्याचे वेळापत्रक

कोकणच्या किनाऱ्यावर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चढउतार सर्वांत मोठा असतो. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो सर्वांत लहान होतो. ती भांगाची भरती. ओहोटीला कोकणात सुकती असाही शब्द आहे, आणि चित्रकाराच्या दृष्टीने तो अधिक अन्वर्थक आहे. कारण पाणी ओसरणे आणि भूमी सुकत जाणे या दोन्ही क्रिया त्यात एकत्र येतात. मुंबईच्या परिसरात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील अंतर चार मीटरांच्या वर जाते. दक्षिणेकडे ते कमी होत जाऊन गोव्याच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरांवर येते. म्हणजे ठाण्याच्या खाडीतील खाजण आणि मांडवीच्या काठचे खाजण यांच्या चित्रांत उघड्या चिखलाचा पट्टा सारखाच रुंद दाखविणे हे सामान्यतः वस्तुस्थितीला सोडून होईल.

भरतीच्या वेळेचा एक पारंपरिक आडाखा किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे. पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, दशमीस साडेसात, पौर्णिमेस सव्वाअकरा. आणि हीच वेळ दिवसा व रात्री अशी दोनदा. स्थानपरत्वे यात फरक पडतो आणि लांब खाडीच्या आतल्या भागात भरती मुखापेक्षा उशिरा पोचते. तथापि मुंबई व उत्तर कोकण यांपुरता हा आडाखा चित्रकाराच्या कामाला पुरेसा आहे.

या आडाख्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास येते. अर्थात पूर्ण ओहोटी सूर्योदय व सूर्यास्त यांच्या जवळपास पडते. उलट अष्टमीस सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास भरती असते, पण ती भांगाची, म्हणजे तोकडी. तेव्हा मुंबईच्या परिसरात तांबूस मावळता प्रकाश आणि खाजणाच्या वरच्या काठापर्यंत तुडुंब भरलेले उधाणाचे पाणी ही दोन दृश्ये एकत्र येत नाहीत. तिरप्या सायंप्रकाशात दिसते ते एक तर दूरवर उघडा पडलेला चिखल, नाही तर अर्ध्याच उंचीपर्यंत चढलेले पाणी. उधाणाच्या भरतीचा प्रकाश हा माथ्यावरच्या सूर्याचा, छाया आखडून घेणारा असतो. आठवणीवरून किंवा दोन वेळच्या रेखाटनांची सांगड घालून केलेल्या चित्रात नेमकी येथेच चूक होण्याचा संभव असतो. पंचांग हाती नसलेल्या प्रेक्षकालाही अशा चित्रात काही तरी विसंगत वाटते. त्या वाटण्याचे कारण मात्र त्याला सांगता येत नाही.

४. चिखल, पाणी आणि प्रकाश

खाजणाचा चिखल कोणत्या रंगाचा असतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. हवा न पोचणाऱ्या थरांत लोहाची गंधकयुक्त संयुगे तयार होत असल्याने तो आतून काळसर असतो. पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने त्याला तपकिरी-करडी छटा येते. पण चित्रकाराला चिखलाचा रंग थोडा आणि चिखलावरील पाण्याच्या पापुद्र्याचे वर्तन फार दिसते.

गुळगुळीत पाण्यावर दृष्टी सरळ वरून पडली, तर परावर्तित होणारा प्रकाश सुमारे दोन टक्के असतो. दृष्टी जसजशी तिरपी होते, तसतसे हे प्रमाण प्रथम हळूहळू आणि शेवटी झपाट्याने वाढते. काठाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाजवळ पाण्यातून चिखल दिसतो, परंतु सुमारे वीस मीटरांवर त्याच पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. म्हणून एकच ओला चिखल पुढील अवकाशात चित्रातील सर्वांत गडद भाग असतो आणि दूर गेल्यावर सर्वांत उजळ भागांपैकी एक होतो. पठारावरील दृश्यात दूरच्या वस्तू धूळ व हवा यांमुळे फिकट होतात; खाजणात हे कारण आहेच, पण त्याखेरीज दृष्टिकोनाचे हे दुसरे कारण अधिक प्रबळ आहे. ज्याने हे ध्यानात घेतले नाही, तो सबंध पट्टा एकाच तपकिरी रंगाने भरतो आणि त्याचे खाजण नांगरलेल्या शेतासारखे दिसू लागते.

यातूनच बैठकीचे महत्त्व कळते. उंच बांधावरून पाहिल्यास चिखल आपल्या रंगाने दिसतो व प्रवाहांची वळणे स्पष्ट होतात. होडीतून पाहिल्यास तेच दृश्य जवळजवळ आकाशच होऊन जाते. बैठक बदलली की रेषाच नव्हे, रंगही बदलतो.

गढूळपणाचाही स्वतंत्र विचार करावा लागतो. स्वच्छ पाण्यावर सावली स्पष्ट पडत नाही, केवळ प्रतिबिंब दिसते. खाडीच्या गढूळ पाण्यात तरंगणारे गाळाचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे तेथे सावली आणि प्रतिबिंब ही दोन्ही एकाच वेळी, भिन्न दिशांनी दिसू शकतात. प्रतिबिंबातील गडद आकृती गाळाच्या रंगामुळे मूळ वस्तूपेक्षा किंचित उजळ होते, तर आकाश किंचित मळकट होते. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या जांभ्याची तांबडी माती घेऊन येतात आणि सावित्री किंवा वाशिष्ठी यांच्या खाड्यांचे पाणी विटकरी होते. हिवाळ्यात त्याच पाण्याला हिरवट-करडी छटा येते.

५. पातळीच्या खुणा

भरतीची अवस्था केवळ पाण्याच्या रेषेने व्यक्त होत नाही. खाजणातील प्रत्येक वस्तू तिची साक्ष देते. पाण्याच्या बाजूला चिपी व तिवर, प्रवाहांच्या काठी कमानीसारख्या आधारमुळांवर उभा राहणारा कांदळ, आणि मागे उंचावर मारांडी व मांसल पानांची झुडपे असा वनस्पतींचा क्रम सामान्यतः आढळतो. हा क्रम म्हणजे वनस्पतींनी लिहिलेली भरतीची नोंदच होय. कारण कोणती जागा किती वेळ पाण्याखाली राहते, यावर तेथे काय उगवेल हे पुष्कळ अंशी ठरते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींप्रमाणे वर आलेली असतात. भरतीला ती बुडतात, ओहोटीला शेकडोंनी दिसतात. ती दिसत असताना पाणी खोडाला टेकलेले दाखविणे ही उघड विसंगती ठरते. खोडांवर आणि खालच्या पानांवर गाळाची एक सरळ रेघ राहते. ती मागील मोठ्या भरतीची उंची सांगते आणि सर्व झाडांवर एकाच पातळीत असते. ही रेघ यथादर्शनाच्या नियमाप्रमाणे क्षितिजाकडे नेली, तर दूरच्या झाडांची उंची आपोआप बरोबर येते.

पर्णसंभाराच्या रंगातही भेद आहे. कांदळाची पाने गडद व तकतकीत. तिवराच्या पानांची खालची बाजू फिकट रुपेरी. वारा सुटला की तिवराचे सगळे बन एकदम उजळते. दोहोंसाठी एकच हिरवा रंग वापरल्यास कांदळवन आमराईसारखे दिसते.

नावांची साक्ष आणखी बोलकी आहे. नाळेकडून नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते; म्हणून वारा जोराचा नसल्यास भरती चढत असताना तिची नाळ समुद्राकडे आणि ओहोटी वाहत असताना जमिनीकडे असते. पूर्ण ओहोटीला ती चिखलात एका कुशीवर कलते आणि तिचा दोर सैल पडतो. चित्रात होडी केवळ रचनेचा तोल साधण्यासाठी ठेवली, तर ती बहुधा चुकीच्या दिशेने उभी राहते.

६. रेखनाचा व रंगलेपनाचा क्रम

ओहोटीच्या सुमारे सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. नाविकांच्या स्थूल नियमाप्रमाणे एकूण उताराचे बारा भाग केल्यास पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मा उतार होतो. एकूण उतार चार मीटरांचा धरल्यास ही घट दोन मीटरांची झाली. आणि चिखलाचा उतार शंभरास एक असेल, तर पाण्याचा काठ दोन तासांत दोनशे मीटर सरकतो. या काळात चित्र पुरे करण्याची आशा व्यर्थ आहे. म्हणून पूर्ण भरतीच्या किंवा पूर्ण ओहोटीच्या अलीकडील एक व पलीकडील एक असे दोन तास कामासाठी निवडावेत. मधला काळ वाया जातो असे मात्र नाही. त्यात निरनिराळ्या पातळ्यांची लहान रेखाटने करून प्रत्येकावर वेळ लिहिल्यास खाजणाच्या पृष्ठाचे चढउतार जसे समजतात, तसे एका पूर्ण चित्रातून समजत नाहीत.

रेखनात सर्वाधिक चुका प्रवाहांच्या वळणांत होतात. सपाट भूमीवरील नागमोडी प्रवाह डोळ्यांना फार चपटा दिसतो. त्याची दूरची वळणे जवळजवळ आडव्या रेषा होऊन एकमेकांवर रचली जातात. नकाशातील आकार मनात ठेवून ती वळणे उभट काढली की पाणी चढावर वाहत असल्याचा भास होतो. क्षितिजरेषा प्रथम निश्चित करून प्रत्येक वळणाची रुंदी व उंची पेन्सिलीने मापावी, हाच त्यावर उपाय.

जलरंगात प्रथम आकाश आणि त्याच वॉशमध्ये पाणी व दूरचा ओला चिखल घ्यावा. कारण या तिन्हींचा प्रकाश एकच असतो. चिखलासाठी तयार काळा रंग न वापरता अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट अंबर यांचे मिश्रण करावे; त्याला उष्ण किंवा शीत छटेकडे हवे तसे झुकविता येते. प्रवाहाची चमक कागद कोरा राखूनच मिळते. खाडीकाठच्या दमट हवेत कागद सावकाश वाळतो. पठारावर सवय झालेल्या हाताला हे प्रथम त्रासदायक वाटते, परंतु पाणी आणि भूमी यांची विरघळणारी सीमा दाखविण्यास हाच सावकाशपणा उपयोगी पडतो. कडक कडा शेवटी आणि थोड्याच ठिकाणी याव्यात : होडीची कड, खुंट, श्वसनमुळांचा जवळचा पुंजका.

७. परंपरेतील दाखले

पाश्चात्त्य कलेत सपाट व जलमय भूमीचे चित्रण सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी प्रतिष्ठित केले. यान व्हान गोयेन (१५९६–१६५६) याने क्षितिज खाली आणून आणि करड्या-तपकिरी रंगांची मोजकी श्रेणी वापरून भूमीपेक्षा हवेलाच चित्राचा विषय केले. भरतीच्या खाजणाचा सर्वांत चिकाटीचा चित्रकार मात्र अमेरिकेतील मार्टिन जॉन्सन हीड (१८१९–१९०४) हा होय. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट व अन्य ठिकाणच्या खाऱ्या दलदलींची शंभराहून अधिक तैलचित्रे त्याने केली. आडवा लांबट आकार, वळत जाणारा प्रवाह आणि भरतीचे पाणी लागू नये म्हणून खुंटांवर रचलेल्या गवताच्या गंजी एवढीच सामग्री घेऊन तो प्रकाश, हवामान आणि पाण्याची पातळी बदलत राहिला. विषयाची पुनरावृत्ती हा त्याच्या कल्पकतेचा अभाव नव्हे. जो विषय स्वतःच क्षणोक्षणी बदलतो, त्याला एकाच चित्राने न्याय मिळत नाही, हे त्याने ओळखले होते.

महाराष्ट्रात या पद्धतीचा दाखला समुद्रापासून दूर सापडतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर वेगवेगळ्या वेळी पुनःपुन्हा रंगविला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) परंपरेत जलरंगातील निसर्गचित्रण बहरले. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांनी पारदर्शक जलरंगांवर असामान्य प्रभुत्व मिळविले, तर त्याच कलाशाळेचे अधिष्ठातापद भूषविलेले प्रल्हाद अनंत धोंड (१९०८–२००१) यांनी ओल्या कागदावर वाहणाऱ्या रंगांतून समुद्राची चित्रे उभी केली. साधन सिद्ध होते आणि किनाऱ्याचे प्रेमही होते. तरीही खाजण हा स्वतंत्र चित्रविषय म्हणून या परंपरेत ठळकपणे पुढे आला नाही. याचे एक कारण रचनेच्या रूढ कल्पनेत शोधता येईल. पुढील, मधला व दूरचा असे तीन अवकाश योजणाऱ्या रचनेला पुढील भागात भक्कम भूमी लागते. खाजणात नेमकी तीच नसते.

८. चित्र आणि साक्ष

दुसरे कारण समाजाच्या दृष्टीत आहे. खाजण म्हणजे पडीक जागा, भराव घालून उपयोगात आणावयाची जागा, ही समजूत जुनी आहे. मुंबईच्या बेटांमधील भरतीची भूमी अठराव्या शतकापासून बुजविली गेली; वरळीची खिंड बंद करणारा हॉर्नबी वेलार्डचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. कोकणात बांध व उघाड्या यांच्या साहाय्याने खारजमिनी भाताखाली आणल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी १९४८ व १९७९ मध्ये कायदे झाले. खाजणाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी कायद्यात व शासनव्यवहारात बऱ्याच उशिरा आली : मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, राज्य वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला, ठाणे खाडीचे रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला.

या पार्श्वभूमीवर चित्रातील वेळेच्या अचूकपणाला केवळ कलाशास्त्रीय महत्त्व उरत नाही. जी भूमी भरावाखाली गेली, तिचे रूप कोणत्याही मोजणीच्या नकाशात पूर्णपणे मिळत नाही. नकाशा एका रेषेने काठ दाखवितो, आणि खाजणाला एक काठ नसतो. तिथी, वेळ व बैठक यांची नोंद असलेले आणि पातळीच्या खुणा इमानाने दाखविणारे चित्र मात्र चिखल कोठवर उघडा पडत होता, तिवर कोठे संपून मारांडी कोठे सुरू होत होती, बांध व उघाडी कोठे होती, हे पुढील पिढीच्या अभ्यासकास सांगू शकते. उलट मावळत्या सूर्याखाली उधाणाचे पाणी रंगविणारे चित्र या कामी निरुपयोगी आहे. एका विसंगतीमुळे त्यातील अन्य तपशीलही अविश्वसनीय ठरतात.

म्हणून खाजणाच्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागे स्थळ, तिथी, घटिका, भरती चढती की उतरती, वाऱ्याची दिशा आणि बैठकीची उंची या सहा गोष्टी लिहिण्याची शिस्त विद्यार्थ्यांना आरंभापासून लावणे आवश्यक आहे. नाथसागराच्या काठी अभ्यास करणाऱ्यानेही तिथीऐवजी दिनांक आणि जलाशयाची पातळी लिहून हीच सवय जोडावी. या नोंदीने चित्र चांगले होईलच असे नाही. परंतु ती लिहिण्यासाठी चित्रकाराला पाण्याकडे जितके पाहावे लागते, तितके पाहिल्यावाचून खाजणाचे चांगले चित्र होत नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.